गुडघीच्या पाण्यातलं वरण

"मीठ, हळद आणि डाळ. चौथी वस्तू गंजात पडायची नाही," मी आईला तिसऱ्यांदा सांगितलं.

"आयकलं व बाई. मी काई भइरी नाई," आई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

दौलतकाका नाल्यावरून दोन पितळी गुंड भरून पाणी घेऊन आले होते. त्यांच्यामागून गावातल्या पाच बाया अंगणात आल्या. कोणी विचारलंच, तर पाणी नाल्याचंच होतं हे सांगायला त्या साक्षीदार. काकांनी पाणी चुलीवरच्या गंजात ओतलं आणि बायांकडे पाहून विचारलं, पाहिलं ना सगळ्यांनी? शेवंताकाकू म्हणाली, पाहिलं बाप्पा, आता का अंगठा लावाचा का. सकाळचे नऊ वाजत होते. वैशाख होता. डाळ चढली.

बेत माझा होता. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि आमच्या वाघोडी गावाचे सगळे अर्ज माझ्या अक्षरात जात. बाबा मी दहावीत असताना गेले होते. घरात आई आणि मी. आईचं नाव पंचफुला निखाडे.

गावाला लागून वाहणाऱ्या नाल्याचं नाव गुडघी. भर उन्हाळ्यातही पाणी गुडघ्याखाली उतरत नाही, म्हणून गुडघी. नाल्याच्या वरच्या अंगाला, दोन कोसांवर, आठ वर्षांपूर्वी कोळशाची उघडी खाण सुरू झाली होती. कोळसा जमिनीत फार खोल नव्हता. वरची माती सोलून काढायची, बाजूला डोंगरासारखी रचायची आणि खालचा कोळसा उचलायचा, असं काम. एवढा मोठा खड्डा पडला की चारी बाजूंचं जमिनीतलं पाणी त्याच्याकडे धावतं. माळावरच्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या त्या यामुळे. खड्ड्यात पाणी साचलं तर यंत्रं चालत नाहीत, म्हणून ते रात्रंदिवस पंपानं उपसून गुडघीत सोडायचे. त्यामुळे गुडघीला वैशाखातही मांडीभर पाणी असायचं, आणि दिसायला नितळ. नाल्याचं पाणी वाढलं असं कोणी म्हटलं तर ते खोटं नव्हतं. आमची अडचण तीच होती.

कारण ते पाणी गुडघीचं राहिलं नव्हतं. दगडांवर हळदीसारखा थर बसला होता. मासळी गेली, आणि मासळीमागून गावातली ढिवरांची चार घरंही गेली. साबणाची वडी झिजायची, फेस यायचा नाही. आणि डाळ शिजायची नाही. तीन-तीन तास लाकडं जाळली तरी दाणा दाताखाली टचटच वाजायचा. शिजवायचं पाणी बाया मारुतीजवळच्या हातपंपावरून आणायच्या, पाऊण कोस चालून. ज्या दिवशी जाणं जमायचं नाही त्या दिवशी नाल्याचंच पाणी आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा. सोड्यानं डाळ मऊ व्हायची, काळपट पडायची, जिभेला किंचित साबणासारखी लागायची. पोरं ती खाऊन मोठी होत होती.

मी पाण्याची बाटली कॉलेजातल्या प्रयोगशाळेत दिली होती. कागद आला. क्षार मर्यादेपेक्षा जास्त, पण त्या कागदात दोन मर्यादा होत्या. पहिली ओलांडली होती, दुसरी नाही. दुसरीपुढे लिहिलं होतं, पर्यायी स्रोत नसल्यास चालेल. पाणी कागदावर पास होत होतं, चुलीवर नापास.

आता खाणीला आमच्या गावाशेजारच्या वळणाखालचा कोळसा हवा होता. त्यासाठी गुडघीला तिच्या पात्रातून उचलून मातीच्या डोंगराच्या कडेनं सरळ खोदलेल्या चरात सोडायचं होतं. पाहणीला तीन माणसांची समिती येणार होती. पाणी आधीच वापरायला अयोग्य झालेलं आहे, असं त्यांनी लिहिलं, तर ते सुधारेपर्यंत पुढचं काही होणार नव्हतं. नाही लिहिलं, तर नाला जाणार होता, आणि नाल्यामागून गाव. म्हणून मी म्हटलं होतं, त्यांना पाण्याबद्दल काही सांगायचं नाही. जेवायला बसवायचं.

गावाला बेत आवडला होता. आईला नाही.

"पाव्हण्याले कच्चं वाढाचं?" तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"पाव्हणे नाई ते. अधिकारी हायेत."

"आपल्या अंगणात पाय धुतले का पाव्हणाच."

मी तिला समजावून सांगितलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, एक घास त्यांनी चावला की आपलं काम झालं, मग बाकीचं सगळं नीट आहेच. वांग्याची भाजी, भाकरी, लोणचं, भात. तिनं विचारलं, भात कोणत्या पाण्याचा. मी म्हटलं, भात हातपंपाच्या पाण्याचा कर. त्यावर ती तांदूळ पाखडायला बसली. तिला पटलं असं मी धरून चालले.

समिती अकराला येणार होती. आली सव्वा वाजता. तोवर डाळ चार तास शिजली होती आणि दाणे सुटे सुटे गंजाच्या तळाशी बसले होते. शेवंताकाकूनं पळीवर घेऊन पाहिलं आणि समाधानानं म्हणाली, चांगली कच्ची हाये.

जीपमधून तिघं उतरले. खाणीचा एक इंजिनिअर, पाणी तपासणाऱ्या खात्यातल्या सय्यद मॅडम आणि अध्यक्ष मोहरील साहेब. मोहरील साठीकडे आलेले, अंगानं जाड, बोलायला मऊ. त्यांनी आईला नमस्कार केला. आईनं पायावर घालायला पाणी दिलं ते त्यांनी चपला काढून घातलं; बाकीच्या दोघांनी नाही. मांडवात बाजेवर बसल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली आणि उशिराबद्दल माफी मागितली. सकाळी सहाला नागपूर सोडलं, वाटेत जीपचं चाक गेलं, आणि मला साखरेचा त्रास, वेळेवर पोटात काही गेलं नाही तर हात कापतात, असं म्हणत त्यांनी हात पुढे करून दाखवला. हात खरंच कापत होता. आई म्हणाली, आधी जेवून घ्या. ते म्हणाले, नाही आई, आधी काम. नाहीतर हे म्हणतील जेवायलाच आले होते. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं आणि सगळे हसले.

आईनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. त्यांनी गूळ घेतला. पाणी तिघांनीही जीपमधल्या बाटलीतलं घेतलं.

नाल्यावर त्यांना दौलतकाका घेऊन गेले. भाकरी अजून वीस-पंचवीस व्हायच्या होत्या म्हणून मी घरी थांबले. नाल्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. इंजिनिअरनं काठी घालून पाण्याची खोली दाखवली. म्हणाला, बघा साहेब, वैशाखात इतकं पाणी या पंचक्रोशीत दुसरा नाला दाखवा. दौलतकाकांनी पिवळे दगड दाखवले. तो म्हणाला, लोह आहे, लोह तर औषधात देतात. सय्यद मॅडम साडीचा काठ भिजवत पाण्यात उतरल्या आणि तीन बाटल्या भरून घेतल्या. पाऊण तासानं सगळे परत आले तेव्हा मोहरील साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

पत्रावळी मांडल्या. मी वरणाचा वाडगा घेतला. सगळं गाव अंगणाच्या कडेनं उभं होतं. साहेबांनी भाताचं आळं केलं. मी त्यात वरण वाढलं आणि ठरल्याप्रमाणे म्हटलं, "साहेब, हे वरण गुडघीच्या पाण्यातलं. पाणी पाच बायांच्या समोर भरलेलं. सकाळी नऊपासून चुलीवर आहे."

त्यांनी कालवलं. पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. मग म्हणाले, "काय सुरेख झालंय हो."

वरण एकजीव होतं. वाडग्यात ते पळीला चिकटत होतं. इंजिनिअरनंही खाल्लं, आणि माझ्याकडे पाहून त्यानं फार सभ्यपणानं विचारलं, याच नाल्याच्या पाण्यातलं ना? पाच बायांच्या समोर भरलेलं? शेवंताकाकूनं पदर तोंडाला लावला. दौलतकाका खाली पाहत होते. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? साहेबांनी वरण पुन्हा मागून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता आणि आई दाराशी उभी राहून ते बघत होती.

जीप वळणापलीकडे जाईपर्यंत सगळे थांबले. मग शेवंताकाकूनं गंजात बोट घातलं, चाखलं आणि म्हणाली, "सोडा हाये."

दौलतकाका माझ्याकडे वळले. हा माणूस माझ्यासोबत वणीला आणि नागपूरला किती वेळा आला होता त्याचा हिशेब नाही. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर माझ्यासोबत दिवस-दिवस बसला होता. त्यांनी विचारलं, "कुंदा, चुलीपाशी तू होती ना व?"

माझ्या आधी आई बोलली.

"म्या टाकला. ते भाकरी थापत होती, पाठ होती तिची इकडं."

"काऊन टाकला, वयनी?"

"भुकेला माणूस होता," आई म्हणाली. "हात कापत होता त्याचा."

कोणीतरी हसलं. ते हसणं चांगलं नव्हतं. कोणी म्हणालं, साहेबाचा हात थांबवला आणि आपला तोडला. दौलतकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि गेले. मग मी बोलले. त्या अंगणात त्या दिवशी सर्वांत मोठा आवाज माझा होता. चार वर्षं मी अर्ज लिहिले, म्हटलं, आणि तू ते चिमूटभर सोड्यात घातले. म्हटलं, तुझ्या पाहुणचारापायी गाव जाईल, मग बस पाहुण्यांची वाट पाहत. शेवंताकाकू, जी मघाशी सगळ्यांत जास्त चिडली होती, तीच शेवटी मला म्हणाली, बस व पोरी, माय हाये ते.

आईनं पत्रावळी गोळा केल्या आणि गोठ्यामागे नेऊन टाकल्या.

पुढचे तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. घर दोन खोल्यांचं. न बोलता राहायचं म्हणजे सारखं बाहेर जावं लागतं. मी सकाळी नाल्यावर जायची, तिथून खाणीच्या मातीच्या डोंगरापर्यंत, तिथून परत. पंपाचा आवाज तिथवर यायचा. नाल्याच्या कडेला मी दगड उलटे करून बघत बसायची. खालच्या बाजूनं ते अजून काळेच होते. कपाटातली पुस्तकं काढायची, दोन पानं वाचून परत ठेवायची. मोहरील साहेबांना पत्र लिहायला बसले आणि फाडलं. पुन्हा बसले. काय लिहिणार? त्या दिवशी वरणात सोडा होता, हे लिहिलं की आम्ही लबाड ठरत होतो. नाही लिहिलं की पाणी चांगलं ठरत होतं.

हातपंपावर बाया आईला शेवटी भरू द्यायच्या. ती कोणाला काही म्हणायची नाही. दोन तास उन्हात उभी राहून पाणी आणायची आणि माझ्यापुरतं वरण करून झाकून ठेवायची. स्वतः भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायची. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी ते वरण खाल्लं.

चौथ्या दिवशी सकाळी आई लग्नाकार्याचं लुगडं नेसून माझ्यापुढे उभी राहिली. हातात पितळेचा गडवा होता, तोंडाला फडकं बांधलेला.

"चाल वणीले," ती म्हणाली. "साहेब शुक्रवारलोक हाये म्हणते, आजच्या दिवसच. ज्याले सांगाचं हाये त्यानं लिहून आणाचं म्हणते. तू लिहून दे."

"काय लिहू?"

"म्या केलं ते."

वणीच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. माझ्या मांडीवर पॅड होतं. मी वर तारीख घातली, प्रति लिहिलं, विषय लिहिला. आई म्हणाली, लिही, मी पंचफुला शामराव निखाडे, वरणात सोडा म्या टाकला. मी लिहिलं: समितीच्या भेटीच्या दिवशी भोजनातील वरणात माझ्याकडून अनवधानाने खाण्याचा सोडा मिसळला गेला.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचलं.

"अनवधान म्हणजे?"

"म्हणजे लक्ष नसताना."

"लक्ष होतं मायं," ती म्हणाली. "खोड ते."

मी तिला सांगितलं की अर्जात असंच लिहितात. त्यानं तुझ्यावर काही येत नाही, चूक झाली एवढंच कळतं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, चूक नाही झाली. तो माणूस उद्या पुन्हा तसा दारात आला तर मी पुन्हा टाकीन. तेही लिही. मी म्हटलं, ते लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल तुझ्यावर? आई म्हणाली, "खरं सांगाले आलो ना आपण? मंग अर्धं कायले सांगाचं?"

मी कागद बदलला. तिनं सांगितलं तसं लिहिलं, तिच्याच शब्दांत. अर्जाच्या भाषेत न लिहिलेला माझा तो पहिला अर्ज. खाली तिनं सही केली. पंचफुला लवकर झालं, निखाडेला वेळ लागला.

आत मोहरील साहेब आणि सय्यद मॅडम टेबलाशी बसले होते. इंजिनिअर नव्हता. साहेबांनी आईला ओळखलं, उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. आई बसली नाही. मी कागद वाचून दाखवला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग ते म्हणाले, "आई, तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते मी समजलो. पण मी हे जोडलं तरी त्याचा अर्थ काय निघतो सांगू? थोडा सोडा टाकला की या पाण्यात डाळ शिजते. म्हणजे पाणी चालतं. तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध जातो."

मला हे माहीत होतं. तीन दिवस मी हेच उलटंसुलटं करत होते. मी आईकडे पाहिलं, तिनं आता निघावं म्हणून.

आई म्हणाली, "जेवण तुमी जेवले जी. पण गुडघीचं तांब्याभर पाणी ठेवलं होतं पुढं, त्याले तुमी कोणी हात नाई लावला. बाटलीतलं पेले तिघंई. मी पाहत होतो." तिनं गडवा टेबलावर ठेवला आणि फडकं सोडलं. "त्या पाण्यात म्या काई टाकलं नोयतं. यातई नाई."

साहेब गडव्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. आई उभीच होती. तिनं जोर केला नाही, विनवणी केली नाही. पाहुण्यापुढे पाणी ठेवून माणूस जसा बाजूला उभा राहतो तशी उभी होती.

सय्यद मॅडमनी चहाच्या ट्रेमधला रिकामा पेला उचलला. गडवा वाकवून अर्धा भरला आणि प्यायल्या. दोन घोट. तिसरा तोंडात धरून बसल्या आणि मग उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या. त्यांनी आईला एवढंच विचारलं, "लहान मुलं हे पितात?"

"गुरं पेतात," आई म्हणाली. "लेकरं, ज्या दिवशी पंपावर जाणं नाई झालं त्या दिवशी."

मॅडमनी कागद पुढे ओढला आणि लिहायला लागल्या.

समितीचा अहवाल दोन महिन्यांनी आला. पाणी घरगुती वापरास साधारणतः योग्य, स्थानिक पातळीवर सोपे उपाय उपलब्ध, असं त्यात होतं. खाली मोहरील साहेबांची आणि इंजिनिअरची सही होती. सय्यद मॅडमनी सही केली नव्हती. त्यांचं दीड पानाचं वेगळं मत जोडलेलं होतं, आणि त्यात आईचं नाव दोनदा आलं होतं. त्या दीड पानामुळे गुडघी एकवीस महिने पात्रात राहिली. दोन पावसाळे. मग तिसऱ्या उन्हाळ्यात ती उचलली गेली. वाघोडी आता नकाशावर नाही. आम्ही पुनर्वसनाच्या वसाहतीत आहोत, जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि डाळ शिजते.

पण त्या शुक्रवारी हे काही ठाऊक नव्हतं. विश्रामगृहातून आम्ही बसथांब्यावर आलो. ऊन फार होतं. आईनं गडवा मांडीवर धरला होता. चार दिवसांत पहिल्यांदा आम्ही शेजारी बसलो होतो आणि दोघींना उठून जायला जागा नव्हती.

"मायावर लय राग आला ना तुले?" तिनं विचारलं.

मी चपलेची माती थांब्याच्या पायरीला घासली.

"तुले सांगितलं असतं त तू हात धरला असता माया. म्हणून नाई सांगितलं."

"हाव," मी म्हणाले.

आमच्या घरी सोडा एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असायचा. ओल लागू नये म्हणून झाकण इतकं घट्ट बसवलेलं असायचं की हातानं निघायचं नाही. चमच्याचं दांडकं घालून ते उचकटावं लागायचं आणि उघडताना ठण्ण वाजायचं. त्या आवाजासारखा आमच्या घरात दुसरा आवाज नव्हता. समिती नाल्यावर गेलेली असताना, माझी पाठ आईकडे आणि हात परातीत असताना, तो आवाज मी ऐकला. डबा उघडल्याचा. मग झाकण परत दाबून बसवल्याचा. मधे फार तर पाच-सहा श्वासांचं अंतर होतं. तेवढ्यात मला वळता आलं असतं. अजून अर्धा तास होता. गंज उपडा करून दुसरी डाळ चढवता आली असती, चार तासांची नाही तर अर्ध्या तासाची कच्ची. मी पीठ घेतलं आणि पुढची भाकर थापली. त्या माणसाचा कापणारा हात मीही पाहिला होता.

"मंग बरं झालं तुले ठाऊक नोयतं," आई म्हणाली आणि बस येते का ते पाहायला उठली.

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. बोलायला जागा खूप होत्या. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, शेवटच्या महिन्यात तर रोज रात्री मी तिच्या उशाशी बसत होते. ती गेल्या पौषात गेली.

दहाव्याला वसाहतीतली सगळी माणसं आली होती. दौलतकाका आता ऐंशीचे आहेत, कानानं कमी ऐकतात, म्हणून मोठ्यानं बोलतात. नव्या मुलांना ते पंचफुलाबाईची गोष्ट सांगत होते. साहेबाची दया आली म्हणून सोडा टाकणारी, आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या पायानं वणीला जाऊन त्याच साहेबापुढे गडवा ठेवणारी. अशी बाई होणे नाही, म्हणाले. आम्हीच तिला तोडून बोललो. मग त्यांनी मला शोधलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आन ही पोरगी. तीन दिवस मायशी बोलली नाई. आठवते का व कुंदा?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"आठवते, काका," मी म्हणाले. "मी काही पाहिलं नव्हतं ना."

"तुई पाठ होती," त्यांनी जोडलं. "तिनं नाई का सांगितलं?"

"हो," मी म्हणाले. "तिनं सांगितलं होतं."